बिल्डरची मुलगी

माझे वडील बिल्डर आहेत, हे डब्लिनच्या मराठी मंडळात सगळ्यांना माहीत होतं. माझे वडील गवंडी होते.

हे डब्लिन ओहायोतलं, कोलंबसला चिकटून असलेलं. तिथे मी सतरा वर्षं राहते आहे. त्यातली पंधरा वर्षं हे खोटं माझ्या सोबत राहिलं, आणि इतकं सुखानं राहिलं की मला त्याचा भारही वाटेनासा झाला. ते मी एका दमात बोलले नव्हते, हेही सांगायला हवं. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. घरून वडाभात करून नेला होता. मी ट्रेवरचं फॉइल सारखं करत होते आणि शेजारी एक काकू शिऱ्यात चमचा खोचत होत्या. त्यांनी विचारलं, "वडील काय करतात गं तुझे?"

"बांधकामात आहेत," मी म्हणाले.

"म्हणजे बिल्डर?"

मी हसले. खोटं बोलायला दर वेळी तोंड उघडावं लागतंच असं नाही. पुढचं काम मंडळानं केलं. वर्षभरात बाबांच्या नावावर दोन-तीन बिल्डिंगा चढल्या आणि कुणीतरी माझ्या नवऱ्याला नागपुरातल्या फ्लॅटचे भावही विचारले. नवरा घरी येऊन म्हणाला, सांगून टाक ना, त्यात काय एवढं. त्याचे वडील शाळेत शिक्षक होते. त्याला त्यात काय एवढं वाटणारच, असं मी त्याला फाडकन म्हणाले. मला राग पटकन येतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो.

आम्ही बौद्ध आहोत, हे मी कधी लपवलं नाही. आडनावावरून ज्यांना ओळखायचं असतं ते ओळखतातच, आणि ज्यांना कळत नाही त्यांना मी विचारल्यावर सरळ सांगत आले. पण बौद्ध आणि गवंड्याची मुलगी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी टेबलावर ठेवायची ताकद माझ्यात नव्हती. एक सांगितली की दुसरी आपोआप त्यांच्या मनात येईल, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते समजूतदार हसू येईल, याची मला धास्ती होती. ते हसू मी कॉलेजात पुष्कळ पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. बाबा नागपूरच्या घरात एकटे राहिले. त्यांना सहा महिने डब्लिनला आणायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं, माणूस आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर येतोय, तर वाटेत त्यांना एखादं असं गाव दाखवावं की जे गवंड्यांनी बांधलंय. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना सिएनाचा फोटो दाखवला. इटलीतलं जुनं डोंगरी गाव, सगळं विटांचं; मधला मोठा चौकही विटांचा, आणि तोही उताराचा. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "जमिनीत वीट घातली, तर पाणी कुठं जाते?"

पुढचे आठ दिवस फोनवर तोच प्रश्न. मग मी तिकिटं काढली.

आमच्या लोकांत इटलीला एकट्यानं जायची पद्धत नाही. दोन कुटुंबं मिळून जातात, म्हणजे गाडी, किचनचं घर आणि डब्यातले मेथीचे ठेपले सगळं वाटून होतं. त्यामुळे मी मंडळात नुसता विषय काढला आणि त्याच शिरावाल्या काकू आणि त्यांचे मिस्टर तयार झाले. काका पुण्याचे, निवृत्त, इतिहासाचे वेडे. माणसं फार चांगली. माझ्या बाळंतपणात काकूंनी महिनाभर डिंकाचे लाडू पुरवले होते. नवऱ्याला सुट्टी नव्हती. म्हणून मी, माझी पंधरा वर्षांची मुलगी आणि काका-काकू ओहायोहून निघायचं, बाबांनी मुंबईहून यायचं आणि रोममध्ये भेटायचं, असा बेत झाला.

बाबांना युरोपच्या व्हिसाचा फॉर्म भरताना एका रकान्यापाशी अडायला झालं. फोन आला. "धंदा विचारते हे. काय लिवू?"

"रिटायर्ड लिहा."

"गवंडी रिटायर कधी होते, बेटा? हात थांबले की होते."

"बाबा, रिटायर्ड लिहा."

त्यांनी लिहिलं. काका-काकूंना तुम्ही कोण म्हणून माहीत आहात, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. सांगेन सांगेन म्हणत राहिले आणि विमानात बसले.

रोमहून सिएनाला जाताना बसमध्ये काकूंनी डबा उघडला आणि सगळ्यांना ठेपले दिले. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, नागपुरात एकूण किती स्कीम झाल्या हो तुमच्या?"

बाबांना आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ते आधी मागे बघायला लागले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होते, पण काचेत मला ते दिसत होते.

"पुष्कळ जागी काम झालं," बाबा म्हणाले. "आता बंद केलं."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. काकू मान डोलवत राहिल्या.

आम्ही घेतलेल्या घरात बाबांची खोली मागच्या बाजूला होती. मी त्यांची बॅग ठेवायला गेले तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "या दोघायले काय सांगितलं तू?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, भराभर.

"बरं," ते म्हणाले. मग पलंगावर बसून बॅगेतले चार शर्ट एकेक करून बाहेर काढले, उलटसुलट करून पाहिले. "आधी सांगायचं ना, बेटा. कपडे तरी धड आणले असते."

ते रागावले असते तर मी भांडले असते. भांडणात मला बरं वाटतं. त्या शर्टांचं काय करायचं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौकात गेलो. फोटोत ती जागा सुंदर दिसते, प्रत्यक्षात ती आपल्याला गप्प करते. चारी बाजूंनी उंच, लालसर विटांच्या इमारती, आणि मधे ती मोठी उतरती जागा, जिच्यावर लोक अंगणात बसावेत तसे पाय पसरून बसलेले. पांढऱ्या दगडाच्या रेघांनी तिचे नऊ भाग पाडलेले आहेत. काकांनी सोबत आणलेलं पुस्तक उघडून त्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली. माझी मुलगी फोटो काढायला लागली. बाबा कुठे दिसेनात. पाहिलं तर ते चौकाच्या मधोमध उकिडवे बसले होते आणि विटांच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवत होते.

"वीट उभी घातली," ते मला म्हणाले. "आडवी नाही. उभी, आणि एकमेकीत गुंतवून. म्हणून हलत नाही." मग ते उठले आणि उताराच्या दिशेनं सरळ चालत सुटले. सगळ्यात खालच्या जागी, जुन्या नगरपालिकेच्या इमारतीसमोर, पाणी जायची जागा होती. नऊही भागांचा उतार तिथे येऊन मिळत होता. बाबा तिच्यापाशी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. एवढं खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तेवढ्यात काका आले.

"काय साहेब, इन्स्पेक्शन चाललंय का?" काका हसत म्हणाले.

"पाणी बरोबर काढलं," बाबा म्हणाले.

कॅथेड्रलपाशी गेलो तेव्हा ऊन वर आलं होतं. या गावानं एकेकाळी ठरवलं होतं की आपलं कॅथेड्रल सगळ्यात मोठं करायचं. आहे त्याच्या शेजारी नवीन भाग उभारायला घेतला. भिंती चढल्या, कमानी झाल्या, आणि मग प्लेगची साथ आली. काम थांबलं ते थांबलंच. सातशे वर्षांनंतर एक प्रचंड भिंत अजून तशीच उभी आहे. तिच्यातल्या खिडक्यांच्या जागी आकाश दिसतं. लोक तिकीट काढून तिच्यावर चढतात आणि गाव बघतात. बाबांच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं. आम्ही सगळेच खाली थांबलो.

काकांनी हे सगळं छान सांगितलं. शेवटी म्हणाले, "निम्म्याहून जास्त गाव मेलं म्हणतात. पैसा संपला, माणसं संपली, आणि मग राजकारण."

बाबा भिंतीच्या कडेकडे बघत होते. तिथे दगड सरळ कापलेले नव्हते. एक आत, एक बाहेर, असे सोडलेले होते. "पुढची भिंत या दगडायले जोडायची होती," ते म्हणाले. "म्हणून असे सोडते. उद्या येऊन पुढचं काम करू, म्हणून. त्यायले वाटलं असन उद्या येऊ."

काकांनी पुस्तक मिटलं. मला त्या क्षणी सांगून टाकावंसं वाटलं होतं. भिंत इतकी मोठी होती आणि माझं खोटं इतकं फालतू होतं. पण काकू म्हणाल्या, आता कुठेतरी बसून काहीतरी थंड घेऊया, आणि आम्ही गल्लीतून खाली उतरायला लागलो.

त्याच गल्लीत एक गवंडी होता. एका बागेच्या जुन्या भिंतीचा वरचा भाग ढासळला होता आणि तो दुरुस्त करत होता. साठीचा असेल. रेडिओ लावलेला, बाजूला पाण्याची बादली, तिच्यात विटा भिजत घातलेल्या. बाबा थांबले. आम्ही पुढे गेलो, परत आलो. बाबा तिथेच. बादलीकडे बोट दाखवून त्यांनी त्या माणसाला मान डोलावून दाखवली. वीट भिजवूनच लावावी, हे त्याला पटलेलं आहे, याचं त्यांना समाधान होतं. मग मालाकडे वाकून पाहिलं आणि माझ्या मुलीला सांगितलं, "सिमेंट नाही. चुना हाय."

तो माणूस इटालियनमध्ये काहीतरी म्हणाला. बाबा मराठीत काहीतरी म्हणाले. मुलीनं फोनवर भाषांतर करायला घेतलं, पण दोघांनाही त्याची गरज वाटत नव्हती. शेवटी त्या माणसानं खांदे उडवले आणि आपली थापी बाबांसमोर धरली.

बाबांनी बाह्या वर केल्या. बादलीतली एक वीट उचलून पाणी झटकलं. थापीनं माल घेतला, मनगटाच्या एका झटक्यात तो पसरला, वीट ठेवली, थापीच्या मुठीनं दोनदा ठोकली, आणि बाहेर आलेला माल त्याच हातानं कापून पुढच्या विटेला लावला. त्यांनी मधे कुठेही विचार केला नाही. एक, दोन, तीन. तिसऱ्या विटेनंतर ते एक डोळा मिटून ओळ बघायला वाकले. तो माणूसही त्यांच्या शेजारी तस्साच वाकला. त्र्याहत्तर वर्षांचे माझे बाबा चार वर्षांनी वीट लावत होते, आणि मी मागेपुढे बघत होते की काका-काकू किती जवळ आहेत.

काका अगदी जवळ होते. फोन हातात धरून सगळं रेकॉर्ड करत होते. "काय सफाई आहे हो हातात!" ते म्हणाले. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. "साहेब, तुम्ही स्वतः करायचात का काय हे काम?"

विचारलेलं अगदी सरळ होतं. आता बाजूनं निघून जायला वाट नव्हती. बाबांनी थापी परत दिली, बादलीत हात धुतले, रुमालानं पुसले. एवढा वेळ त्यांनी मला दिला. आता बोल, असा तो वेळ होता. मी बोलले नाही.

"नाही हो," बाबा म्हणाले. "आपले मजूर करत होते. आपण नुस्ते उभे राहून पाहत होतो. पाहून पाहून येते हाताले."

"आजोबा, बट यू..." माझी मुलगी म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. दर रविवारी कॉलवर बाबा तिला कुठली भिंत कशी बांधली ते सांगत असत. मी तिचं मनगट धरलं आणि दाबलं. ती गप्प झाली. पंधरा वर्षांत मी मुलीवर हात उचललेला नाही, पण त्या दिवशी तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ बराच वेळ होते.

संध्याकाळी घरी आल्यावर काका-काकू फिरायला गेले. बाबांनी हातपाय धुतले आणि खिडकीतल्या कट्ट्यावर बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली. रोज संध्याकाळी वंदना म्हणायची त्यांची सवय आहे. त्रिशरण, मग पंचशील: हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. मुलगी त्यांच्याकडूनच शिकली होती, म्हणून ती शेजारी बसून बरोबरीनं म्हणायला लागली. मी दारात उभी होते. तिसरं शील झालं आणि दोघांचे आवाज वेगळे झाले. मुलगी चौथ्याला गेली, बाबा पाचव्याला.

"आजोबा, यू स्किप्ड वन," ती म्हणाली.

"हो, बाळा."

"व्हाय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा आवाजही नेहमीचाच होता. "आज मोडलं ते."

"सो टेक इट अगेन, ना? तुम्हीच म्हणालात, मोडलं तर पुन्हा घ्यायचं."

"पुन्हा घेते माणूस. पण उद्या तेच बोलायचं हाय, परवा तेच. तुह्या घरी सहा महिने राहायचं हाय मले." त्यांनी मूर्ती रुमालात गुंडाळायला घेतली. "मोडायचं ठरवूनच कसं घेऊ?"

मुलगी उठली, माझ्या अंगावरून बाहेर गेली. जाताना म्हणाली, "यू मेड हिम डू दॅट." मी तिला आवाज चढवून परत बोलावलं नाही. म्हणाली ते खरं होतं.

एवढ्यानंतर सकाळी तरी मी बोलायला हवं होतं. नाश्त्याला काका म्हणाले, रात्रीच ग्रुपवर व्हिडिओ टाकला, लोक नुसते वेडे झालेत. काकूंनी माझ्यापुढे अंजिराच्या जॅमची बाटली सरकवली आणि म्हणाल्या, नशीबवान आहेस हो, या वयात असे वडील. मी 'हो' म्हणाले. पाव खाल्ला. मराठीत 'मूग गिळणं' म्हणतात, मी जॅम लावून गिळले.

राहिलेले तीन दिवस बाबा गाव बघायला फारसे आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. तो चौक त्यांनी दुसऱ्यांदा पाहिला नाही. त्यासाठी ते सात हजार किलोमीटरांवरून आले होते.

डब्लिनला आमच्या घरी बेसमेंटमधली खोली बाबांसाठी तयार केली होती. पुस्तकांच्या कपाटावर त्यांनी मूर्ती ठेवली. रोज संध्याकाळी ऑफिसचं काम संपवून मी जिन्यात थांबायची आणि ऐकायची. पहिलं, दुसरं, तिसरं, मग थोडी शांतता, मग पाचवं. ते ती शांतता झटकन ओलांडून जात नसत. तेवढी जागा सोडून पुढे जायचे. मुलगी आता त्यांच्या शेजारी बसत नव्हती. माझ्याशीही ती कामापुरतंच बोलत होती. अकरा दिवस मी त्या जिन्यात उभी राहिले, आणि दर दिवशी मला वाटलं की उद्या बोलेन.

बाराव्या दिवशी रविवार होता. काका-काकूंनी दुपारी जेवायला बोलावलं होतं, आणखी चार घरं होती. जेवणं झाल्यावर काकांनी सिएनाचे फोटो टीव्हीवर लावले. मग म्हणाले, "आता आमच्या बिल्डरसाहेबांचा खास आयटम," आणि व्हिडिओ सुरू केला. मोठ्या पडद्यावर बाबांचे हात आले. नखांच्या कडा चुन्या-सिमेंटनं कायमच्या पांढुरक्या झालेल्या, उजव्या अंगठ्याचं पेर वाकडं. मला वाटलं, हे हात पाहून यांच्यातल्या एकालाही कसं कळत नाही? आणि मग टीव्हीतून आवाज आला, "आपले मजूर करत होते."

लोक हसले. बाबाही हसले. ते हसले हे मला सहन झालं नाही.

"ते खोटं आहे," मी म्हणाले. आवाज नको इतका मोठा निघाला. "बाबा बिल्डर नव्हते. बाबा गवंडी होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली भिंती बांधल्या त्यांनी. बिल्डर आहेत हे मी सांगितलं होतं. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

काकांनी व्हिडिओ थांबवला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मग सांगायचंस ना. आम्हाला काय फरक पडणार होता?" त्यांचा चेहरा दुखावलेला होता. फरक पडला असता की नसता, मला आजही माहीत नाही. मी त्यांना ती संधीच दिली नव्हती. दुसरं कुणीतरी म्हणालं, "वॉव, किती इन्स्पायरिंग, यार," आणि मला त्या माणसाला दाराबाहेर काढावंसं वाटलं; पण घर माझं नव्हतं.

बाबा मग काकांना म्हणाले, "पुन्हा लावा बरं ते. शेवटपर्यंत." व्हिडिओ संपला तेव्हा ते उठून टीव्हीजवळ गेले आणि बोट ठेवून म्हणाले, "इथं पाहा. तिसरी वीट आत गेली थोडी. त्यानं पाहिलं ते, पण बोलला नाही. मेहमान म्हणून." मग काकांनी विचारलं, चुन्याचा माल कसा करतात, आणि बाबा खाली बसून सांगायला लागले. कुठल्या विटेचा आवाज कसा येतो, कच्ची वीट कशी ओळखायची, ओळंब्याची दोरी वाऱ्यानं हलायला लागली की काय करायचं. पाऊण तास ते बोलत होते. काका मधेमधे प्रश्न विचारत होते आणि या वेळी पुस्तक उघडत नव्हते.

घरी परतताना गाडी मी चालवत होते. बाबा शेजारी, मुलगी मागे. नवरा त्याच्या गाडीनं पुढे गेला होता. मला हलकं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा मुलीनं मागून विचारलं, "अँड आजी? व्हॉट डिड आजी डू?"

बाबा समोर बघत बसले. ते उत्तर माझं आहे, हे त्यांनी ठरवलं होतं.

इथपर्यंत लिहितानाही मी तेच केलं आहे. आई दोन वर्षांपूर्वी गेली, एवढंच लिहून पुढे सरकले. मंडळात आईबद्दल कुणी विचारलं की मी 'गृहिणी' म्हणत असे, आणि त्या दुपारी सगळ्यांसमोर एवढं खरं बोलले त्यातही ती नव्हती. माझी आई रेजा होती. बाबा वीट लावायचे आणि आई डोक्यावरून घमेल्यानं त्यांना माल पोचवायची. दर साइटवर दोघं बरोबर, तीस वर्षं. त्या तीस वर्षांतल्या बाबांच्या प्रत्येक भिंतीतला माल तिच्या डोक्यावरून गेलेला आहे.

हे मी मुलीला सांगितलं. सिग्नल सुटला होता आणि मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मग जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. मी अकरावीत होते. कॉलेजजवळ एका दुकानाचं काम चाललं होतं. मी तीन मैत्रिणींबरोबर येत होते आणि आई समोरून घमेलं घेऊन येत होती. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. आईनं मान दुसरीकडे वळवली. तिनं मला पाहिलंच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"पाहिलं होतं तिनं," बाबा म्हणाले.

मी गाडी बाजूला घेतली. "तुम्हाला सांगितलं तिनं?"

"त्याच दिवशी सांगितलं. घरी आली, चूल पेटवली आन् म्हणे, आज पोरीले कॉलेजच्या कपड्यात पायलं."

"अजून काय म्हणाली?"

बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"काही नाही. म्हणे, लय साजरी दिसत होती."